श्वासापर्यंत

इलाही मुजावरच्या दुकानात, लक्ष्मीपुरीत,
लोक आवडीची गाणी आधी लिहायचे, भरतीची मागं.
मी पंधरापासून उलटी सुरू केली,
फाउंड्रीच्या चलनाच्या पाठीवर,
कार्बनचा निळा अंगठा उमटलेल्या.
"ताई, हे जिना उतरल्यागत झालं की."
म्हटलं, चढल्यागत. तुम्ही भरा.

पंधरा : ड्रमवाला अर्धा ठोका उशिरा येतो
आणि बाकीचे हजेरी मांडून बसलेले.
आमच्या ऑफिसात सुकुमार चौगुले असाच यायचा,
घाम पुसत, इचलकरंजीच्या गाडीला दोष देत.

चौदाचं नाव इंग्रजीत होतं.
इलाहीभाईंनी कानानं लिहून घेतलं : कुत्रं रडतंय ते.

तेरा, किंचाळी.
घरी लावायची सोय नव्हती.
ओतकामाच्या दिवशी ब्लोअर सुरू झाला
की मी टेपचा आवाज शेवटपर्यंत फिरवायची.
उद्यमनगरात कुणाला कळलं नाही
की वितळलेलं लोखंड आणि तो माणूस
एकाच पट्टीत ओरडतात.

बारा आणि अकरा अजून भांडतात.
एकात गिटार; दुसरीत एक बाई,
सर्दी झाल्यासारखा आवाज, आणि कसलीच घाई नाही.
कळंब्याकडं गुऱ्हाळं पेटली की बाई वर जाते.
मे महिन्यात गिटार.

दहा, नऊ, आठ भरतीची. कबूल.

(कॅसेट उलटायची.)

सहा शामुवेल लोखंडेनं वाजवून दाखवलं,
चर्चच्या गिटारवर, तीनच तारा धड.
शब्दांचा अर्थ काय, म्हणाला.
मी बी.कॉम.; मला येत असणारच.
म्हटलं, कुणीतरी पावसात निघून गेलंय.
गाणं जुनी मोटार विकण्याबद्दल होतं,
हे मला नंतर कळलं.
त्यानं माझाच अर्थ खरा धरला
आणि तसाच गेला पुण्याला, टेम्पोत पुढं बसून.
पाऊस मात्र नव्हता.

चार सांगत नाही.
लग्नानंतर यजमानांनाही
चौदाच गाणी आहेत म्हणून सांगितलं होतं.

तीन नाचाचं.
रंकाळ्यावर, पिशवीत टेप, वर मेथीची जुडी.
कुंदा माळकर म्हणाली, "मी न्हाई लाजत, मी नाचतो,"
आणि नाचली, चपला हातात घेऊन.
भेळवाल्यानं पाहिलं.
कांदा जास्त घातला, पैसे तेवढेच घेतले.

दोन आईला आवडायचं.
भजन बरं आहे, म्हणायची,
टाळ घरी विसरलेत तेवढं.

आणि एक.

हिशोब इलाहीभाईंनी केला नव्हता. मीही नाही,
आणि दिवसभर चलनं जुळवायचा पगार घेत होते.
साठ मिनिटांची फीत, एक नंबर सगळ्यात शेवटी.
पहिलं कडवं होतं. धृपद होतं.
दुसरं कडवं उघडायला तो श्वास घेतो, मोठा,
खट्.

तक्रार घेऊन गेले.
"पुढल्या कॅसेटवर पहिलंच घेतो, ताई."
पुढली कॅसेट झालीच नाही.
तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात,
इलाहीभाईंचा नातू विकतो,
तोही हिशोब तोंडीच करतो.

परवा भाचीच्या मुलीनं, स्वरांगीनं,
फोनवर ते काढून दिलं.
चार मिनिटं सव्वीस सेकंद.
"आजी, पुढं आहे की अजून! अर्धंच ऐकत होतीस?"

कडवं झालं. धृपद झालं.
त्यानं श्वास घेतला
आणि माझा हात मांडीवरून आपोआप उठला,
काहीतरी उलटायला.

ऐकलं सगळं. बरं आहे.
पुढं तो फार समजावून सांगतो.

रात्री कॅसेटच्या डबीतलं चलन उलगडलं,
घडीवर फाटलेलं.
एकचा आकडा तसाच ठेवला.
त्याच्यापुढं पेनानं लिहिलं :
श्वासापर्यंत.